वापरात नसलेले

कुतैसीत, नदीच्या पुलापासून तिसऱ्या गल्लीत,
त्सियालाचा कॉम्प्युटर सुरू व्हायला
कॉफी उकळून, गाळ खाली बसून,
पिऊन संपेपर्यंतचा वेळ घेतो.
भाचा बाचो म्हणाला, मावशी,
यात अकराशे त्रेचाळीस फॉन्ट पडलेत.
वापरतेस किती?
तिनं बोटं मोजली. एक हात पुरला.

मग एका रविवारी बसली.
पेन ड्राइव्ह बाचोचा, त्यावर फुटबॉल क्लबचा बिल्ला.
फोल्डर तिचे:
लग्नं. मयती. वाइनची लेबलं. निवडणूक.
आणि एक नुसता, 'बघू'.

कुठलाही फॉन्ट उघडा, नमुन्याला तेच इंग्रजी वाक्य,
तोच चपळ कोल्हा त्याच आळशी कुत्र्यावरून उडी घेतो,
बारा पॉइंटात, अठरात, चोविसात,
साठात तर शेपूट खिडकीबाहेर.
जुन्या जॉर्जियन फॉन्टांत
कोल्हा इथली अक्षरं अंगावर घालून येतो
आणि काहीच्या बाही बरळतो.
दुपारपर्यंत चारशे उड्या झाल्या.
कुत्रा काही उठला नाही.

लग्नांचे सगळे वेलबुट्टीचे, शेपट्यांचे,
एकाचा 'ल' तर पुढच्या अक्षराच्या गळ्यातच पडलेला.
त्यातली निम्मी जोडपी आता वेगळी राहतात.
तरी घेतले. कॉपी करायला काय जातं.

एकदा चुकलीच.
एक जाड, काळा, गंभीर काढून टाकला
आणि नव्व्याण्णव सालची फाइल उघडली, तर
सगळे मेलेले रोमन कचऱ्यात पडलेले:
कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं.
शाळेच्या हेडबाई कुठल्या, घड्याळजी कुठला,
कोण कुठलं ओळखू येईना.
घाईघाईनं परत बसवला.
परत आले सगळे. आपापल्या तारखांसकट.
म्हणजे, मेलेलेच.

आणि मग 'बघू'मध्ये टाकता टाकता हा:
नाव 'एलगू-चार', जानेवारी दोन हजार एक,
वजन पासपोर्टच्या फोटोहून कमी.
एल्गुजा. शेजारच्या टेबलावरचा.
तेव्हा वीज दिवसाला तीन तास यायची,
आली की तो धावत येऊन मॉनिटरसमोर बसायचा,
कोट न काढता.
कोपऱ्यावरच्या भट्टीवाल्याला पाटी हवी होती,
पाटीवर एकच शब्द: पुरी.
(त्यांच्याकडे पुरी म्हणजे पाव,
भट्टीच्या भिंतीला थापून भाजलेला, लांबोळका.
तळणीशी त्याचा काही संबंध नाही.)
लागतील तेवढीच अक्षरं त्यानं काढली, चार.
उरलेली एकोणतीस पुढच्या विजेला काढू म्हणाला.
मजुरी आठवडाभराचे पाव.
त्यातले दोन रोज हिच्या टेबलावर असायचे,
तेव्हा तिनं कधी विचारलं नाही, का.
वसंतात तो ग्रीसला गेला, बांधकामावर.

तिनं त्या फॉन्टात स्वतःचं नाव टाइप केलं.
पाच अक्षरांत चार रिकामे चौकोन
आणि मधे एक 'इ', ऐटीत,
पोटाशी किंचित फुगलेली,
भट्टीतून आत्ता काढल्यासारखी.

मग बराच वेळ ती
त्या चार अक्षरांनी काय काय म्हणता येतं ते बघत राहिली.
पुरी: पाव.
पिरी: तोंड.
रू: पाण्याचा पाट, बारीकसा.
बस. पुढे त्याच्याकडे शब्द नव्हता.
तसा तो बोलतानाही थोडक्यातच आटपायचा.

बाचो संध्याकाळी आला. बटण दाबलं,
मशीन कॉफीआधीच जागं झालं, तो खूश.
अकराशे छत्तीस पेन ड्राइव्हवर, सात इथे.
सातवा कशाला, म्हणाला,
यात तर धड वर्णमालाही नाही.

ती प्रिंटरपाशी उभी होती.
कागद निघाला, पानभर एकच शब्द.
तो तिनं त्याच्या हातात दिला, वर पिशवी दिली.
दोन आण, म्हणाली.
गरम असतील तरच.